काउंटर तीनचा स्कॅनर

मिरजेच्या वैयक्तिक औषध केंद्रानं नऊ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता राजमती मगदूम हिला भंगारात काढलं. तीन पंच हजर होते. वजन झालं, पावती फाटली. वजन त्रेपन्न किलो आठशे ग्रॅम भरलं, चपलांसकट.

आता हे घडलंच नाही असं समजून चालू. केंद्राचंही तेच म्हणणं आहे. केंद्राच्या नोंदींप्रमाणे त्या दिवशी काउंटर तीनवरचं एक जुनं उपकरण निकाली निघालं, आणि राजमती मगदूम नावाच्या कोणाचाही त्या उपकरणाशी संबंध नव्हता. नोंदींशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून आपण मुकाट्यानं मागे जाऊ, फेब्रुवारीत. तेव्हा राजमती अजून माणूस होती आणि सकाळी साडेनऊला डबा घेऊन कामावर येत होती.

हे केंद्र म्हणजे जुन्या पद्धतीचं औषधाचं दुकान नव्हे. इथं गोळ्या छापल्या जात. तुमचं रक्त, तुमचं वजन, तुमचं मूत्रपिंड किती कामसू आहे, हे सगळं पाहून फक्त तुमच्यासाठी एक मिश्रण ठरायचं आणि मागच्या खोलीतलं यंत्र त्याच्या गोळ्या पाडायचं. तुमची गोळी शेजाऱ्यानं खाल्ली तर त्याला उपयोग शून्य, अपाय भरपूर. म्हणून सगळा भार कार्डावर. कार्डावर बारकोड, बारकोडाखाली तेरा आकडे. काउंटरवरचा स्कॅनर लाल उजेड टाकी, पडद्यावरच्या पांढऱ्या चौकटीत आकडे उमटत, चौकट हिरवी होई आणि घसरगुंडीवरून पाकीट खाली येई. कोणी काही दाबायचं नाही. चौकटीखाली लिहिलेलंच होतं, ‘येथे स्कॅन करा. दुसरे काहीही करू नका.’

कार्ड फाटलेलं असेल तर काउंटर दोनवर आकडे हातानं टाकता येत. मग चौकट पिवळी होई आणि लिहून येई, ‘हस्तनोंद. पडताळणीसाठी पाठवली.’ पडताळणी म्हणजे कोणीतरी माणसानं कार्ड, कागद आणि चेहरा जुळवून पाहायचा आणि सही करायची. मिरजेच्या केंद्रात हे कोणीतरी म्हणजे राजमतीच. सकाळी काउंटर तीन, दुपारी मागच्या खोलीत पडताळणी. एकोणचाळीस वर्षांची बाई, बोलायला कमी, कामाला चोख. तिच्याकडे तीन दिवसांपेक्षा जुनी पिवळी नोंद कधी राहिली नव्हती.

अकरा फेब्रुवारीला काउंटर तीनचा स्कॅनर मेला. आवाज नाही, धूर नाही. लाल उजेड येईना एवढंच. समोर बेडगची एक म्हातारी, हृदयाची रोगी, मागं साठ जणांची रांग.

“आक्का, स्कॅनर गेलाय,” राजमती म्हणाली. “नंबर हातानं घेते. पण औषध तीन दिवसांनी मिळेल.”

“तीन दिवसांनी मी असंन म्हणून तुला कुणी सांगितलं? काढ की आता.”

राजमतीनं कार्ड पाहिलं आणि तेरा आकडे टाकले. चौकट हिरवी झाली. पाकीट घसरत आलं. म्हातारीनं ते कनवटीला लावलं आणि गेली, तिच्या दृष्टीनं जगात काहीच विशेष घडलं नव्हतं.

शेजारच्या काउंटर दोनवर नसीमा मुल्ला होती. नोकरीतली मैत्रीण आणि डब्यातली भागीदार. ती खुर्चीसकट सरकली.

“राजी, काय केलंस गं?”

“टाइप केलं.”

“मग पिवळं का नाही झालं?”

“मला काय विचारतेस? त्याला विचार.”

“परत कर बघू.”

दुसरं कार्ड, हिरवी. तिसरं, हिरवी. मग नसीमानं स्वतः बसून चौथं कार्ड टाकलं. ती दोन बोटांनी, ओल्या शेंगा फोडाव्यात तशी टाइप करायची. चौकट पिवळी झाली.

“माझ्याशी याचं काय वाकडं आहे?” नसीमा म्हणाली.

वाकडं काही नव्हतं. बारकोड स्कॅनर ही वस्तू, तिचा दिमाख बाजूला ठेवला, तर एक कीबोर्ड असते. काळ्या-पांढऱ्या रेघा वाचायच्या, त्यांचे आकडे करायचे आणि ते संगणकाला एकामागोमाग एक असे द्यायचे, जणू कोणी बसून टाइप करतंय. शेवटी ‘एंटर’ही तोच दाबतो. चौकटीला बिचारीला पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. तिला फक्त आकडे येताना दिसतात. मग स्कॅनर कोणता आणि माणूस कोणता, हे तिनं ओळखायचं कसं? तर वेळेवरून. यंत्राच्या दोन आकड्यांमध्ये नेहमी सारखंच अंतर असतं. माणूस मात्र सातावर अडखळतो, शून्याकडे धावतो, मध्येच नाक खाजवतो. चौकट हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते. अंतर सारखं असेल तर तो स्कॅन. स्कॅनवर विश्वास ठेवायचा आणि काम लगेच उरकायचं. वेडंवाकडं असेल तर तो माणूस. माणसाला पडताळणीला पाठवायचं.

खरं तर स्कॅनर इतक्या वेगानं आकडे ओकतो की कोणत्याही माणसाची त्याच्याशी गाठ पडू नये. पण केंद्रातले संगणक जुने. वेगानं आकडे आले की त्यांतले दोन-तीन गिळून बसायचे. म्हणून कोणा हुशार अभियंत्यानं राज्यभरातले स्कॅनर मुद्दाम मंद केले, सेकंदाला आठ आकडे. असला वेग असलेला आणि शिवाय प्रत्येक बोट सारख्याच अंतरानं टाकणारा माणूस असूच शकत नाही, असं त्यानं अहवालात लिहिलं. अहवाल मंजूर झाला. तो अभियंता मिरजेच्या स्टेशन रोडवर कधी आला नसावा.

स्टेशन रोडवर ‘मगदूम टायपिंग’ होतं. बावीस यंत्रं, एक फळा आणि आदगोंडा मगदूम मास्तर. मास्तर लाकडी पट्टीनं टेबलावर ठेका धरायचे आणि बावीस पोरं त्या ठेक्यावर बोटं टाकायची. “घाई नको, जोर नको,” ते सांगायचे. “सगळी बोटं सारखी. करंगळी दुबळी आहे म्हणून तिला सवलत नाही.” पोरं परीक्षा पास व्हायची, प्रमाणपत्र घ्यायची आणि महिन्याभरात ठेका विसरायची. मास्तरांची मुलगी नवव्या वर्षी त्या ठेक्यावर बसली आणि तिला विसरताच आलं नाही. ती भेंडीसुद्धा त्याच अंतरानं चिरायची.

संध्याकाळी तिनं घरी सांगितलं तेव्हा मास्तर चहा पीत होते. त्यांना कंपवात होता. पण ‘कर्मचाऱ्याचा आश्रित’ म्हणून केंद्रातून त्यांच्या गोळ्या मिळत, आणि त्या गोळ्यांच्या जोरावर कप बशीवर न वाजता टेकायचा. गोळ्या चुकल्या तर काय होतं ते बापलेकीनं एकदा पाहिलं होतं. दोन दिवसांत बोटं थरथरतात, आठवड्यात चमचा धरवत नाही, पंधरवड्यात घास गिळवत नाही. त्यानंतरचं पाहायला ते थांबले नव्हते.

“चौकट हिरवी झाली?” मास्तरांनी विचारलं.

“झाली.”

“दर वेळी?”

“एकशे बारा वेळा, अण्णा.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “पंचेचाळीस वर्षं शिकवलं. चार हजार पोरं पास झाली. यंत्र एकही झालं नाही.” त्यांचे डोळे भरून आले. नंतर ते म्हणाले की गोळ्यांनी तसं होतं.

केंद्राचे प्रमुख कोळेकर साहेब. माणूस वाईट नव्हता. फक्त पत्र लिहायचं म्हटलं की ते काम उद्यावर ढकलायचे, आणि स्कॅनर दुरुस्तीच्या पत्राला चौदा कागद जोडावे लागत.

“मॅडम, तुम्ही असताना स्कॅनरची गरजच काय?” ते म्हणाले. “आठवडाभर चालवा.”

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आपोआप एक ओळ आली, ‘काउंटर तीनवर नवीन उपकरण आढळले. नाव द्या.’ ती ओळ घालवल्याशिवाय पुढचं काही उघडेना. कोळेकर साहेब हसले. एका बोटानं, जीभ बाहेर काढून, त्यांनी लिहिलं, ‘स्कॅनर ३-ब’.

“गंमत म्हणून हो,” ते राजमतीला म्हणाले.

राजमतीही हसली. या गोष्टीत ती तीनदा हसते, त्यातलं हे पहिलं.

पंधरवड्यात काउंटर तीनची कीर्ती झाली. खऱ्या स्कॅनरला कार्ड सरळ लागे, स्वच्छ लागे. राजमतीला चुरगळलेलं, भाजीत पडलेलं, कुत्र्यानं चावलेलं, कसलंही चाले, आकडे दिसले की झालं. सांगोल्याहून लोक येऊ लागले. एक माणूस तर कार्डच न आणता आला. बायकोचा नंबर त्याला तोंडपाठ होता. राजमतीनं टाकला, हिरवी. तो पाकीट घेऊन गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याच्या पाठांतरात एक आकडा हुकला असता तर कोणीही अडवलं नसतं. आजवर तिच्यावर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता, आईनंसुद्धा नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येक नंबर दोनदा वाचून मगच टाकायची. वेग मात्र तोच. तो कमी करायचा कसा हे तिला माहीत नव्हतं.

मग साहेबांनी तिला दुपारीही काउंटरवरच बसवलं.

“आणि पडताळणी?” तिनं विचारलं.

“पडताळणी कुठं पळून जातेय?”

ती पळून गेली नाही, साचत गेली. तीन दिवसांचे अकरा झाले, अकराचे चाळीस. मे महिन्यात नसीमा म्हणाली, “राजी, मागच्या खोलीत चार हजार पिवळ्या पडल्यात. लोक येऊन मला शिव्या घालतात.”

“साहेबांना सांग की.”

“सांगितलं. साहेब म्हणाले, त्या लोकांना राजमती मॅडमकडं पाठवा, हिरवे होतील.”

जुलैत विभागाकडून एक पितळी पट्टी आली, ‘उत्कृष्ट उपकरण’. काउंटर तीन, स्कॅनर ३-ब. पाच महिन्यांत एकही चूक नाही, एकही दुरुस्ती नाही. सोबत सूचना होती की पट्टी उपकरणाच्या दर्शनी भागावर चिकटवावी. नसीमानं ती राजमतीच्या पाठीवर चिकटवली आणि दिवसभर कोणीच काही बोललं नाही. राजमती दुसऱ्यांदा हसली ती घरी गेल्यावर, पट्टी काढताना.

अठ्ठावीस जुलैला पडद्यावर दुसरी ओळ आली. ‘राजमती आ. मगदूम. मागील दीडशे दिवसांत एकही मानवी नोंद आढळली नाही. पद रिक्त समजण्यात येत आहे.’

केंद्रात हजेरी नोंदींवरून लागायची. नोंद माणसाची असेल तर माणूस हजर, उपकरणाची असेल तर उपकरण चालू. पाच महिने काउंटर तीनवर एक उपकरण अखंड चालू होतं आणि एक बाई अखंड गैरहजर होती.

राजमतीनं आधी ओळ दोनदा वाचली, कारण आता तिला सगळंच दोनदा वाचायची सवय लागली होती. मग तिनं कोणी सांगितलेलं नसताना वडिलांच्या कार्डाचे तेरा आकडे टाकले. तिला पाठ होते. चौकट लाल झाली. लाल रंग त्या चौकटीत आहे हेच तिला माहीत नव्हतं.

‘कर्मचारी अस्तित्वात नाही. आश्रित वगळला.’

घरी डबीत नऊ गोळ्या होत्या.

कोळेकर साहेब खरोखर हबकले. “अहो, तुम्ही तर इथं बसलाय. मी बघतोय ना तुम्हाला.”

“मग तसं लिहा, साहेब.”

“लिहिलं असतं. पण ‘अमुक माणूस आहे’ असं लिहायचा नमुनाच नाही आपल्याकडं. तुम्हीच अर्ज करा. ‘निवेदन’ म्हणून चौकट आहे बघा, शेवटच्या पानावर.”

राजमतीनं त्या चौकटीत लिहिलं, ‘मी माणूस आहे.’ चौकट हिरवी झाली. ‘स्कॅन स्वीकारला. या चौकटीत वस्तूचा क्रमांक चालत नाही.’

तिनं हळू लिहून पाहिलं. हळू, पण सारखं. चौकट हिरवी.

“अडखळ गं जरा,” नसीमा म्हणाली.

“अडखळतेय की.”

“हे अडखळणं नाही. दर तिसऱ्या अक्षराला अडखळतेस. तबला झालाय तो.”

तिनं डाव्या हातानं लिहिलं. डोळे मिटून लिहिलं. बोटांना रबरी मोजे घालून, मग मोज्यांवर दोरा गुंडाळून लिहिलं. रखवालदाराच्या सूचनेवरून एका पायावर उभी राहूनही लिहिलं. ‘मी माणूस आहे’ हे तिनं एकोणीस प्रकारे लिहिलं आणि एकोणीस वेळा तिचा स्कॅन स्वीकारण्यात आला. शेवटी नसीमानं तिला उठवलं आणि शेंगा फोडत तेच वाक्य लिहिलं. चौकट पिवळी झाली. उत्तर मात्र लगेच आलं. ‘नसीमा मुल्ला, आपण माणूस आहात याची नोंद आहे. पुन्हा कळवू नये.’

गोळ्या पाच ऑगस्टला संपल्या. सातला मास्तरांची बोटं थरथरू लागली. त्या दिवशी रविवार नसूनही राजमती घरीच होती. तिनं जुना कीबोर्ड टेबलावर मांडला आणि वडिलांसमोर बसली, नवव्या वर्षी बसली होती तशी.

“अण्णा, मला चुकायला शिकवा.”

मास्तरांनी पट्टी घेतली. “ठेका विसर. मी वेडंवाकडं वाजवतो, त्याच्यावर बोटं टाक.”

त्यांना मुद्दाम वेडंवाकडं वाजवायची गरज उरली नव्हती. पट्टी थरथरत टेबलावर आपटत होती, टक, टकटक, टक. राजमतीनं ऐकलं आणि बोटं टाकली. मास्तर थांबले. पुन्हा वाजवलं. पुन्हा तिनं टाकली. तिनं त्यांची थरथर जशीच्या तशी उचलली होती, आणि दर ओळीला ती अगदी तशीच, तसूभर फरक न करता वाजत होती.

“एवढंसुद्धा जमत नाही तुला?” मास्तर ओरडले. आयुष्यात ते तिच्यावर पहिल्यांदाच ओरडले, कारण त्याआधी तिनं संधी दिली नव्हती.

“तुम्हीच शिकवलंत.”

“मी परीक्षेसाठी शिकवलं होतं. जन्मासाठी नाही.”

राजमती उठली आणि भेंडी चिरायला गेली. मास्तर आतून येणारा आवाज ऐकत बसले. थोड्या वेळानं त्यांनी पट्टी कपाटामागं टाकून दिली. पुन्हा काढता येऊ नये अशी.

आठ तारखेला केंद्रात खराखुरा नवा स्कॅनर आला. कोणी मागवला नव्हता. ३-ब ला सहा महिने होत आले, म्हणून तो आपोआपच आला. कोळेकर साहेबांचा चेहरा उजळला.

“मॅडम, मार्ग सापडला. जुनं उपकरण निकाली काढायचं आहे ना? ते एकदा कागदावरून गेलं की तुमच्यावरचा शिक्का गेला. मग तुम्ही उरता त्या माणूसच. दुसरं काय उरणार?”

“निकाली काढायचं म्हणजे?”

साहेब नव्या स्कॅनरच्या खोक्याकडे पाहत म्हणाले, “भंगार. फक्त कागदावर हो. तीन पंच आणि वजन, बास.”

वडिलांचा गोळ्यांविना तिसरा दिवस होता. सकाळी कप बशीवर वाजला होता. राजमती ‘बरं’ म्हणाली.

नऊ तारखेला कल्लाप्पा भंगारवाला हातगाडी आणि काटा घेऊन आला. दर वर्षी तो केंद्रातून मोडक्या खुर्च्या नेई. पंच म्हणून कोळेकर साहेब, नसीमा आणि रखवालदार. नसीमानं आधी नकार दिला. मग राजमतीच म्हणाली, “ये गं. कोणीतरी ओळखीचं असू दे.”

कल्लाप्पानं कागद वाचला, काउंटरकडे पाहिलं. “यंत्र कुठाय?”

साहेबांनी बोट दाखवलं. कल्लाप्पानं बोटाच्या दिशेनं पाहिलं, मग परत बोटाकडे पाहिलं.

“साहेब, यात लोखंड किती, प्लॅस्टिक किती?”

“‘इतर’ लिहा.”

“आणि मी हे नेऊ कुठं?”

“न्यायचं नाही. लिहायचं फक्त.”

राजमती काट्यावर चढली. चपला काढायचं सुचलं नाही. कल्लाप्पानं वजनं लावली, पुन्हा एकदा लावली. माणसाचं वजन करायची सवय नसल्यानं त्याला काटा स्थिर व्हायला वेळ लागेल असं वाटलं होतं. पण ती इतकी स्थिर उभी होती की काटा लगेच थांबला. पावती फाटली, तिघांच्या सह्या झाल्या. नसीमाच्या सहीची शाई पसरली.

“उतरा ताई,” कल्लाप्पा म्हणाला. “घोटभर चहा घ्या. मी आणतो.” सकाळपासून तिला ताई म्हणणारा तो एकटाच होता. आणि त्याच्याच नावावर ती आता जमा होती.

साहेबांनी निकालाची नोंद केली. एका बोटानं, पण या वेळी जीभ आतच ठेवून. पडद्यावर लगेच उत्तर आलं. ‘स्कॅनर ३-ब निकाली. या उपकरणाकडून आलेली कोणतीही नोंद यापुढे कोठेही स्वीकारू नये.’

राजमतीनं नवा अर्ज उघडला आणि फक्त आपलं नाव लिहिलं. लाल. कार्यालयातल्या चारही संगणकांवर लाल. आधी तिचं म्हणणं निदान वस्तूचं म्हणून तरी घेतलं जात होतं.

“अरेच्चा,” कोळेकर साहेब म्हणाले आणि खाली बसले. मग ते म्हणाले, “तुमच्या वडिलांना अर्ज करता येईल. ते आश्रित होते, त्यांचं नाव आहे आत. हस्तनोंद होईल, पडताळणीला जाईल.”

“पडताळणी कोण करणार?”

साहेबांनी यादी काढली. त्यात एकच ओळ होती. ‘मिरज. पडताळणी लिपिक, राजमती आ. मगदूम. पद रिक्त. प्रलंबित नोंदी, नऊ हजार सहाशे चौदा.’

“हे रिक्त पद भरायला काय लागतं?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “हस्तनोंद,” ते म्हणाले. “पडताळलेली.”

राजमती तिसऱ्यांदा हसली ती इथं. नसीमानं तिला धरून बाहेर नेलं.

बारा ऑगस्टला, दुपारी, आदगोंडा मास्तर केंद्रात आले. गोळ्यांविना सातवा दिवस. सकाळी राजमतीनं त्यांना चमच्यानं भरवलं होतं. धुतलेला सदरा, टोपी, आणि दोन्ही हात काखेत दाबलेले, लोकांना दिसू नयेत म्हणून. नसीमानं त्यांना आपल्या काउंटरवर बसवलं आणि रांगेतल्यांना सांगितलं, थांबावं लागेल. रांगेतले थांबले. त्यांतले अर्धे मास्तरांकडेच टायपिंग शिकले होते.

मास्तरांनी हात काढले आणि चौकटीत पहिलं अक्षर टाकलं. मग चुकून तेच अजून तीनदा. चौकट पिवळी झाली. आज तिनं न मागता एक ओळही दिली, ‘आपण माणूस आहात. धन्यवाद.’

“बघ,” मास्तर म्हणाले. “मला लगेच ओळखलं.”

एक ओळ लिहायला वीस मिनिटं लागत होती. करंगळी कळांवर नाचत होती, अंगठा टेबलावरून घसरत होता. तिसऱ्या ओळीला त्यांचा हात इतका उडू लागला की राजमतीला राहवलं नाही. तिनं मागून वाकून त्यांचं मनगट धरलं. हात शांत झाला, पुढची चार अक्षरं नीट पडली, एकसारखी, तिच्या ठेक्यात. चौकट लाल झाली आणि लिहिलेलं सगळं पुसलं गेलं.

“सोड,” मास्तर म्हणाले.

तिनं हात सोडला आणि दोन पावलं मागं सरकली. मास्तरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. ती उभी राहून बघत राहिली, हात पाठीमागं बांधून, कारण तिच्या हातांचा उपयोग नव्हता. चार तास लागले. अर्ज पिवळा झाला, पडताळणीला गेला आणि त्याला नऊ हजार आठशे तेविसावा क्रमांक मिळाला. तो खाली दिला आहे. त्यातल्या टंकलेखनाच्या चुका इथं गाळल्या आहेत. मूळ अर्जात त्या पुरावा म्हणून जोडल्या आहेत.

प्रति,
मा. पडताळणी लिपिक
(श्रीमती राजमती आ. मगदूम, पद रिक्त),
वैयक्तिक औषध केंद्र, मिरज.

विषय: मुलीस माणूस म्हणून पूर्ववत करण्याबाबत.

महोदया,

अर्जदार हा आपल्या केंद्राचा वगळलेला आश्रित असून व्यवसायाने निवृत्त टायपिंग शिक्षक आहे. अर्जदाराने आपल्या मुलीस लहानपणी सर्व बोटे सारख्या अंतराने टाकण्यास शिकवले. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची असून मुलीचा त्यात दोष नाही. ती भंगारात निघाल्याची पावती सोबत जोडली आहे. पावतीवरील वजन चपलांसकट असल्याने ते दुरुस्त करून मिळावे.

अर्जदाराच्या हातांची सध्याची अवस्था या अर्जावरून दिसेलच. औषध मिळाल्यास हात स्थिर होतील, परंतु तसे झाल्यास अर्जदाराची नोंद मानवी धरली जाणार नाही, याची त्यास जाणीव आहे. तरी औषधाचा विचार नंतर केला तरी चालेल.

सबब, विनंती की सदर मुलीस आठवड्यातून निदान एकदा, कार्यालयीन वेळेत, कोणतेही कारण न देता चुकण्याची परवानगी देण्यात यावी, आणि तशी ती चुकल्याची नोंद आपण स्वतः समक्ष पडताळून आपल्या सहीने कायम करावी.

आपला विश्वासू,
आ. भ. मगदूम